वीरण्णांचा नमस्कार

मी एकोणतीस फेब्रुवारीला निवृत्त झाले आणि मार्च संपायच्या आत परत कामाला लागले. मधल्या तीन-चार आठवड्यांत मी तूर निवडली, दोन गोधड्या शिवायला काढल्या आणि शेजारणींना त्यांनी न विचारताच औषधपाण्याचे सल्ले दिले. मग टाळेबंदी लागली आणि शेजारणी सुटल्या.

चौतीस वर्षं नर्सची नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा आमच्याच गावच्या उपकेंद्रात. गाव मला सिंधु सिस्टर म्हणतं. माझी पाठ वळली की कडकबाई म्हणतं. त्याचं मला काही वाटत नाही. गोड बोलून कुणी पोराला लस टोचू देत नाही, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते.

आमचं गाव लातूर-नांदेड रस्त्यावर, लातूर जिल्हा संपतो तिथं. टाळेबंदीत हद्दीवर पोलिसांचा नाका बसला आणि रस्त्यानं चालत येणारी माणसं आमच्याकडे अडकू लागली. पासाशिवाय पुढं जाता येत नव्हतं. मागं जाऊन करायचं काय, हा प्रश्न होताच. सुरुवातीला ही माणसं नाक्याजवळच्या लिंबाखाली बसायची. मी माझी पिशवी घेऊन जायची, पायांचे फोड बघायची, ताप बघायची, साखरमिठाचं पाणी पाजायची. मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी बसून माझा जीव रमत नव्हता, इतकंच त्याचं कारण. सेवाभाव वगैरे शब्द नंतर सत्काराच्या वेळी इतरांनी वापरले.

जेवणाचं वीरण्णा बघायचे. वीरण्णा म्हणजे आमच्या गावातले किराणा आणि गोडेतेलाचे दुकानदार. लिंगायत, वय अडुसष्ट, मूळचे उदगीरकडचे. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. अन्नदानाला त्यांच्यात दासोह म्हणतात. एरवी ते श्रावणात दासोह घालायचे, त्या वर्षी एप्रिलपासूनच रोज सुरू केला. त्यांची बायको गुरम्मा सकाळी दोन चुली पेटवायची आणि साडेआठच्या आत भाकरी, येसर आमटी आणि खिचडी तयार ठेवायची. गुरम्माला तुम्ही कधी दमलेलं बघितलं का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन की तिनं कुणाला बघूच दिलं नाही.

वीरण्णांची एक सवय होती. कुणीही भेटलं, ओळखीचं असो नसो, की दोन्ही हात जोडून, कमरेतून वाकून म्हणायचे, "शरणु शरणार्थी." आमच्या भागातले लिंगायत एकमेकांना असाच नमस्कार करतात. बाकीचे राम राम म्हणतात, हे शरणु शरणार्थी म्हणतात. घाईत असले तर नुसतं "शरणार्थी". मी मराठ्याची, पण हे लहानपणापासून ऐकत आले आणि उत्तरही तसंच देत आले. त्या शब्दाला काही अर्थ असेल हे माझ्या कधी डोक्यातही आलं नाही. राम राम म्हणताना रामाचा विचार कोण करतं?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी दुपारी चौदा माणसं आली. बिहारमधल्या कटिहारकडची, अकरा पुरुष, तीन बायका. लातूरला एका डाळमिलीत हमाली करायची. मिल बंद पडली. मालकानं दीड महिना सांभाळलं, मग त्याची डाळ आणि धीर दोन्ही संपले. नांदेडहून रेल्वे सुटणार असं कुणीतरी यांना सांगितलं, म्हणून चालत निघाली. चार दिवसांत ऐंशी किलोमीटर आली होती. बायकांपैकी एक गरोदर होती म्हणून ग्रामसेवकानं त्यांच्यासाठी जिल्हा परिषदेची शाळा उघडून दिली. तोवर आम्ही सगळ्यांना रस्त्यावरच वाढत होतो. शाळेत उतरलेली ही पहिलीच तुकडी.

त्याचा वीरण्णांना फार आनंद झाला. रस्त्यावर माणसांना उकिडवं बसवून वाढायचं त्यांच्या जिवावर यायचं. आता पंगत बसणार होती. संध्याकाळी उजेड होता तोवर, पाहुणे आत दमून पडलेले असताना, त्यांनी शाळेच्या फाटकाच्या दोन्ही खांबांवर स्वतःच्या हातानं गेरूनं लिहिलं. डाव्या खांबावर 'शरणु', उजव्या खांबावर 'शरणार्थी'. पाहुण्यांचं स्वागत. शाळेच्या भिंतीवर 'साबणाने हात धुवा' आणि 'मुलगी शिकली प्रगती झाली' हेही गेरूनंच लिहिलेलं होतं, त्यामुळे त्यांचं लिखाण अगदी त्यातलंच, सरकारी दिसत होतं.

सोमवारी सकाळी सात वाजता मी शाळेत गेले. गरोदर बाईचं नाव मोमिना. वय बावीस, आठवा महिना सरत आलेला, पहिलंच मूल. तिचा नवरा तफज्जुल, सत्तावीस-अठ्ठावीसचा, उंच, कमी बोलणारा. बाकीचे त्याचंच ऐकत होते. मी मोमिनाचे पाय बघितले. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. चेहराही सुजलेला.

"सर दुखता है?" मी विचारलं.

"बहुत. आँख के आगे चिनगारी जैसा होता है," ती म्हणाली.

बीपी बघितलं. एकशे सत्तरवर एकशे दहा. यंत्राची चूक नको म्हणून दुसऱ्या हाताला बघितलं. तेवढंच. या आकड्यांवर गरोदर बाईला कधीही झटके येऊ शकतात, आणि झटके आले की आई आणि मूल, दोघांचंही काही खरं नसतं. तिला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं होतं. मी एकशेआठला फोन केला. जवळची गाडी दुसऱ्या बाईला घेऊन गेली होती. नांदेडकडून येणारी नऊपर्यंत पोचेल असं सांगितलं. तोवर बीपी उतरवायची गोळी आणि झटक्यांचं इंजेक्शन हाताशी हवं होतं. दोन्ही उपकेंद्रात होतं. मी निवृत्त असल्यामुळे माझ्या पिशवीत औषध म्हणून पट्ट्या आणि मिठाच्या पुड्यांखेरीज काही नव्हतं.

निघण्यापूर्वी मी जे केलं ते सविस्तर सांगते, कारण पुढचं त्याच्यातूनच झालं. मी रजिस्टर काढलं आणि चौदाही जणांची नावं लिहून घेतली. नाव, बापाचं नाव, वय, गाव, ठाणं. मला चौदांची गरज नव्हती. गरज एकटीच्या नावाची होती. पण चौतीस वर्षांत मी कुठल्याही घरात गेले तरी आधी सगळ्यांची नावं लिहिते, मग काय दुखतंय ते विचारते. हात आपोआप चालतो. दवाखान्याच्या चिठ्ठीवर नंबर घालायचा म्हणून मोमिनाचं आधार कार्ड मागितलं, आणि घाईत ते रजिस्टरमध्ये तसंच ठेवून दिलं.

"गाड़ी आ रही है," मी तफज्जुलला म्हणाले. "यहाँ से कोई हिलेगा नहीं. समझा क्या?"

त्यानं मान हलवली. गाडी कसली, कुठं जाणार, कशासाठी, हे मी सांगितलं नाही. मला वाटलं कळलंच असेल. मी निघाले तेव्हा फाटकाची डावी झडप बाहेर उघडून डाव्या खांबावर टेकलेली होती. 'शरणु' तिच्याआड झाकलं गेलं होतं. उजव्या खांबावर हातभर अक्षरात 'शरणार्थी' तेवढं दिसत होतं. मी ते बघितलं, वाचलंसुद्धा. वीरण्णांचं अक्षर बरं आहे, एवढंच मनात आलं.

उपकेंद्राची किल्ली नव्या सिस्टरकडे होती आणि नवी सिस्टर वस्तीवर सर्व्हेला गेली होती. तिला शोधण्यात तास गेला. औषधं घेऊन मी परत आले तेव्हा नऊला दहा कमी होते. शाळेच्या व्हरांड्यात चौदा पत्रावळी ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकीवर भाकरी वाढलेली होती, आणि माणूस एकही नव्हता. गुरम्मा आमटीच्या पातेल्याजवळ उभी होती. वीरण्णा हातात पाण्याची बादली घेऊन या खोलीतून त्या खोलीत जात होते.

"सिस्टर, गेले की हो समदे," ते म्हणाले. "मी पान्याला गेलो, तेवढ्यात मागल्या भितीवरनं गेले. जेवले बी न्हाईत."

"का? काय झालं? तुम्ही काय बोललात त्यांना?"

"काय बी न्हाई! मी आलो, हात जोडून शरणार्थी म्हणलो. एकेकाला म्हणलो, चौदाच्या चौदा. तर ते म्हणायला लागले, हम शरणार्थी नहीं हैं, हम शरणार्थी नहीं हैं. आधार कार्ड काढून दाखवायला लागले. मला वाटलं, मानूस लाजून राहिला. आपल्याला कशाला एवढा मान, म्हणून. मग मी म्हणलो, हौ हौ, शरणार्थीच! तुम बी शरणार्थी, हम बी शरणार्थी, सब शरणार्थी!"

मी फाटकाकडे बघितलं.

हिंदीत शरणार्थी म्हणजे निर्वासित, बाहेरून आश्रयाला आलेला, हे मला ठाऊक होतं. वीरण्णांनाही बहुधा ठाऊक असावं. घरात टीव्ही होता, आणि त्या हिवाळ्यात टीव्हीवर हाच शब्द सकाळ-संध्याकाळ चालला होता. कोण इथला, कोण बाहेरचा, कुणाकडे कागद आहेत, कुणाकडे नाहीत, कुणाला पकडून छावणीत ठेवायचं. कटिहारच्या त्या चौदा मुसलमान माणसांनी तो आमच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकला असणार. पण टीव्हीतला शब्द आणि आपल्या तोंडातला नमस्कार एकच आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी वीरण्णांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाले, "गाडी काढतो," आणि दुकानाचा छोटा टेम्पो आणायला धावत गेले. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला मी त्याआधी धावताना बघितलं नव्हतं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी रुग्णवाहिका आली. चालकाचं नाव रविकिरण. त्याला मी सगळं सांगितलं नाही, पेशंट सापडत नाही एवढंच सांगितलं. तो म्हणाला, "सिस्टर, मला लई वेळ थांबता येत न्हाई. फोन आला की जावं लागतं."

"फोन आला तर उचलू नको," मी म्हणाले. असं मी नोकरीत असताना कुणालाही म्हणाले नसते. तो थांबला.

नाक्यामुळे ती माणसं रस्त्यानं जाणार नाहीत हे उघड होतं. शेतांतून गेली असणार. पण शेतं तीन बाजूंना होती. आम्ही आधी चुकीच्या बाजूला गेलो, कॅनॉलच्या अंगानं. तिथं अर्धा तास गेला. मग एकानं सांगितलं, ओढ्याकडं कुणी तरी जाताना दिसले, एका बाईला दोघांनी धरलं होतं. वीरण्णांनी टेम्पो नांगरटीतून घातला. ढेकळांवरून तो असा आदळत होता की मी इंजेक्शनची पेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते. मला त्यांचा राग आला होता. स्वतःचाही यायला हवा होता, पण तो अजून आला नव्हता.

सव्वादहाला ते सापडले. कोरड्या ओढ्याच्या काठावर चिंचेखाली. मोमिना आडवी होती, तोंडाला फेस, डोळे अर्धे उघडे. झटका येऊन गेला होता. दोघी बायका तिला वारा घालत होत्या. तफज्जुल आमच्या आणि तिच्या मधे येऊन उभा राहिला. त्याच्या मागं बाकीचे दहा.

"हटो," मी म्हणाले. "सुई देना है."

"कहाँ ले जाओगे उसको?"

"अस्पताल."

"अस्पताल बोलकर कहाँ ले जाओगे? सबका नाम लिख लिया, बाप का नाम, थाना लिख लिया. कार्ड ले लिया. बोला गाड़ी आएगी, कोई हिलेगा नहीं. बाहर गेट पर शरणार्थी लिख दिया." त्याचा आवाज चढला नव्हता, तो नीट एकेक मोजून सांगत होता. "हम लोग शरणार्थी नहीं हैं. कटिहार जिला के हैं."

तेव्हा मला स्वतःचा राग आला. वीरण्णांच्या एका शब्दानं ती माणसं पळाली नसती. हसून सोडून दिलं असतं त्यांनी म्हाताऱ्याला. माझं रजिस्टर आधी होतं, म्हणून तो शब्द खरा वाटला. मी कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. पण समजावून सांगायला तोंडात शब्द येईनात. चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते, समजावत कधीच नव्हते.

वीरण्णा पुढं झाले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली. त्यांना हात जोडायचे होते, पण जोडावेत की नाही ते कळेना, म्हणून हात अर्धवटच वर राहिले.

"बेटा," ते म्हणाले, "वो मेरा सलाम है."

"क्या?"

"शरणार्थी. वो हमारा सलाम है. हमारे लोगां मिले तो ऐसाच बोलते. मतलब... मतलब मैं तुम्हारे पाँव पे आया. मैं शरणार्थी. तुम नक्को." आणि त्यांनी खरोखरच खाली वाकून तफज्जुलच्या पायांना हात लावला. त्या पायांवरचे फोड मी सकाळीच बांधले होते.

तफज्जुल मागं सरकला. कुणी वडीलधारं असं पाया पडलं तर कुणीही सरकेल. "सलाम को शरणार्थी बोलते हैं?" त्यानं विचारलं.

"हमारे में बोलते."

तफज्जुल वाटेतून बाजूला झाला आणि तिथंच मातीत बसला.

मी मोमिनाला दोन्ही कुल्ल्यांवर इंजेक्शन दिलं. टेम्पोतून तिला रस्त्यावर आणलं, रविकिरण उभाच होता. गाडीत एकालाच बसता येत होतं आणि नवऱ्याकडे पास नव्हता. मी बसले. गाडीचं दार लागेपर्यंत तफज्जुल मोमिनाच्या पायाला हात लावून चालत राहिला.

नांदेडला पोचेपर्यंत तिला आणखी एक झटका आला. सरकारी दवाखान्यात लगेच आत घेतलं, ऑपरेशन केलं. मुलगा होता. अंगानं भरलेला, डोक्यावर भरपूर जावळ. तो रडला नाही. डॉक्टरांनी वीस मिनिटं प्रयत्न केले, मग थांबले. तिथली डॉक्टर तरुण होती, मास्कमुळे तिचा चेहरा मला शेवटपर्यंत दिसला नाही. ती म्हणाली, "आई वाचेल असं वाटतंय. तासभर आधी आणलं असतं तर बाळ हाती लागलं असतं." मी विचारलं नव्हतं. तिनं आपणहून सांगितलं, कारण मी नर्स आहे हे तिला माहीत होतं.

तो तास मी कॅनॉलच्या अंगानं आणि शेतांतून शोधण्यात घालवला होता.

तफज्जुलला फोन केला. त्याला हद्द ओलांडता येणार नव्हती. तोवर सगळ्यांना शाळेत परत आणून, हातावर विलगीकरणाचे शिक्के मारून चौदा दिवसांसाठी बसवलं होतं. मग तो म्हणाला, "दीदी, मिट्टी करवा दीजिए."

वीरण्णांकडे किराण्याच्या मालाचा पास होता. ते दुपारी चार वाजता टेम्पो घेऊन आले. आम्ही बाळाला पांढऱ्या कापडात घेऊन जवळच्या कब्रस्तानात गेलो. तिथल्या माणसांनी विचारलं, कुणाचं? मी सांगितलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, आपसात बोलून जागा दाखवली, नमाज पढली. खड्डा लहानसाच होता. एकानं वीरण्णांना हलक्या आवाजात विचारलं, "आप मिट्टी देंगे?" भस्म बघून त्याला शंका आली असावी.

"आमच्यात बी मातीच देतात," वीरण्णा म्हणाले, आणि तीन मुठी टाकल्या. लिंगायतांत जाळत नाहीत, पुरतात. त्यांच्या स्वतःच्या एका नातवाला त्यांनी असंच पुरलं होतं, हे मला त्या दिवशी परतीच्या वाटेवर कळलं.

परत येताना त्यांनी वाटेतल्या सिंदगी गावाच्या पुढं टेम्पो कडेला घेतला. स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. समोर बघत म्हणाले, "सिस्टर, येक खरं सांगा. मी तो शब्द लिवला नसता, बोललो नसतो, तर लेकरू ऱ्हायलं असतं का?"

"नाही," मी म्हणाले. "आधीच गेलं होतं पोटात."

"खरं?"

"मी कधी खोटं बोलते का, अण्णा? आणि तुमचा एक शब्द होता, माझं अख्खं रजिस्टर होतं. एकट्यानं डोक्यावर घेऊ नका."

त्यांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली. मी कधी खोटं बोलत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे, त्यामुळे ते चटकन पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले तेव्हा ते ओल्या पोत्यानं खांब घासत होते. गेरू दगडात मुरतो, लवकर निघत नाही. त्यानंतर ते नवख्या माणसाला नुसते हात जोडत, तोंडानं काही म्हणत नसत. आम्हा गावातल्यांनाही त्यांचा नमस्कार ऐकू यायचा बंद झाला.

तफज्जुलनं मला दोन दिवसांनी विचारलं. तो जेवणाच्या रांगेत शेवटी थांबला होता. "हम उसको लेकर नहीं भागते तो?" एवढंच म्हणाला.

"तो भी नहीं बचता," मी म्हणाले. तोवर मला सराव झाला होता.

मोमिना नऊ दिवसांनी दवाखान्यातून परत आली. शाळेतल्या एका खोलीत तिला वेगळं ठेवलं. मी रोज तिची जखम बघायला जायची, बीपी बघायची. गुरम्मा तिच्यासाठी वेगळी, बिनतिखटाची आमटी आणि मऊ भात घेऊन यायची, आणि दूध उतरलं होतं म्हणून छातीला बांधायला कोबीची पानं आणायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. गुरम्मा कानडीत बोलायची आणि मोमिना तिच्या बोलीत हो म्हणायची. मोमिनानं मला काहीच विचारलं नाही. बाळ कुठं ठेवलं, ते तफज्जुलनं तिला सांगितलं असावं.

अठराव्या दिवशी त्यांच्या रेल्वेची तारीख आली. नांदेड स्टेशनपर्यंत न्यायला एस.टी. आली. पुरुष बोचकी टपावर चढवत होते, वीरण्णा खालून देत होते. त्यांनी तीन दिवस पुरेल एवढ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणली होती. मोमिना आधीच आत जाऊन बसली होती. मी गोळ्यांची पुडी घेऊन तिच्याजवळ गेले, कुठली सकाळी, कुठली संध्याकाळी, ते सांगितलं. या वेळी समजावून सांगितलं, दोनदा. तिनं माझ्या मागं म्हणून दाखवलं.

मग ती म्हणाली, "दीदी, एक बात पूछें?"

"पूछो."

"हम लोग नहीं भागते, तो बच्चा रहता?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. दोनदा दिलेलं, पटलेलं. पण हिच्या पोटावरचे टाके मी काढले होते. तिच्या छातीला पानं बांधताना मी तिथं उभी होते. तिला ते उत्तर द्यायला मला जमेना.

"रहता," मी म्हणाले.

तिनं ओढणी डोक्यावर नीट घेतली. खिडकीतून बाहेर बघितलं. तफज्जुल टपावर उभा राहून दोरी आवळत होता आणि वीरण्णा खालून दुसरं टोक धरून होते.

"इनको मत बोलिएगा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं म्हणाली, "चाचा को भी नहीं."

"नहीं बोलूँगी," मी म्हणाले.

गाडी सुटायला दहा-बारा मिनिटं होती. कंडक्टर यायचा होता. मी तिच्या शेजारी बसून राहिले.